अध्यक्षसाहेब, ००२ च्या जनरेटरबद्दल हे माझं चौथं पत्र

दिनांक : १८ मे २०२५, पुणे

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती

विषय : तळमजल्यावरील फ्लॅट क्र. ००२ चा डिझेल जनरेटर
संदर्भ : माझी २ एप्रिल, १६ एप्रिल व ३० एप्रिलची पत्रं (एकाचंही लेखी उत्तर नाही)

महोदय,

सोळा वर्षं मी या इमारतीत राहतो. मेंटेनन्स कधी थकवला नाही, कोणाशी वाद घातला नाही. त्यामुळे पुन्हा पत्र लिहिण्याची वेळ माझ्यावर का आली, याचा समितीने विचार करावा.

३० मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या सकाळी, ००२ च्या सभासदांनी साइड मार्जिनमध्ये (इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत) आणलेला जुना जनरेटर पहिल्यांदा चालवून पाहिला. आमची गुढी बरोबर त्याच्या डोक्यावर, स्वयंपाकघराच्या गॅलरीत उभी होती. उतरवताना खणाला डिझेलचा वास येत होता. सणासुदीला शब्दाला शब्द नको म्हणून गप्प बसलो, तीच चूक झाली.

त्यानंतर गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की हे यंत्र सुरू होतं आणि संध्याकाळपर्यंत चालतं. चमच्यांचा स्टँड ओट्यावर थरथरत पुढे सरकतो. खिडकीच्या ग्रिलवरून ओलं फडकं फिरवलं की ते काळं आणि तेलकट होतं. तुळशीची पानं एकेक करून पुसावी लागतात. माझी आई ७८ वर्षांची आहे, तिला दमा आहे. गुरुवारी ती गुरुचरित्राची पोथी वाचते. आता ती आतल्या खोलीत दार लावून, पंखा इन्व्हर्टरवर टाकून वाचते, तरी धाप लागते.

हा धूर इतका का, तेही सांगतो. यंत्र १५ केव्हीएचं (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचं माप) आहे, म्हणजे ०.८ ने गुणलं तर प्रत्यक्षात १२ किलोवॅट. ००२ मध्ये दोन एसी, फ्रिज, टीव्ही आणि दिवे मिळून भार चार किलोवॅटच्या आसपास जातो, एकच एसी चालू असेल तर त्याहूनही कमी. डिझेल इंजिन असं तासन् तास क्षमतेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर चाललं की पुरेसं तापत नाही, डिझेल नीट जळत नाही आणि न जळलेलं तेल काजळीबरोबर पाइपातून बाहेर पडतं. ते माझ्या ग्रिलवर बसतं. एका घराला पाच केव्हीएचा, आवाजबंद पेटीतला सेट पुरला असता. मंडपवाल्याकडे स्वस्तात मिळाला म्हणून मोठा घेतला, आणि त्याची किंमत आम्ही मोजतोय.

आता नियम. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमाप्रमाणे जनरेटर ध्वनिरोधक आवरणात असावा आणि आवरणापासून एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा. इथे आवरणच नाही, वर नुसता पत्रा टाकलाय. धुराडं किती उंच असावं, याचंही सूत्र आहे: केव्हीएच्या वर्गमुळाला ०.२ ने गुणून येतील तेवढे मीटर इमारतीच्या उंचीत मिळवायचे. १५ चं वर्गमूळ ३.८७, म्हणजे गच्चीच्याही वर पाऊण मीटर. ००२ चा पाइप नऊ फुटांवर, माझ्या खिडकीच्या खाली संपतो. २८ एप्रिलला रात्री वीज गेली तेव्हा यंत्र एक वाजेपर्यंत चालू होतं. रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे सचिवांना मी त्याच रात्री फोन करून सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

याहून गंभीर गोष्ट अशी की चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी एकतर लाइनला नाहीतर जनरेटरलाच जोडणारा) बसवलेलाच नाही. मेन स्विच हाताने पाडून वायर थेट जोडतात, हे मी स्वतः पाहिलंय. एखाद दिवशी मेन पाडायचा राहिला तर वीज उलटी लायनीत जाईल, ट्रान्सफॉर्मरमधून उलटी फिरून तिचा दाब वाढेल आणि लाइन बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेला वायरमन जिवाला मुकेल. शिवाय डिझेलचे दोन कॅन जिन्याखाली, मीटरच्या पेटीला लागून ठेवलेले आहेत. सगळ्या फ्लॅटची येण्याजाण्याची वाट तीच.

२०२२ सालीच मी सोसायटीसाठी सामायिक जनरेटर घ्या म्हणून तीन कोटेशन्स आणून दिली होती. लिफ्ट साडेपाच किलोवॅट, तीन आणि पाच एचपीचे पंप मिळून सहा किलोवॅट, जिन्यातले आणि पार्किंगचे दिवे दोन किलोवॅट. मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून २५ केव्हीए आणि आपोआप सुरू होणारं पॅनेल, असा माझा हिशेब होता. वार्षिक सभेत तो विषय "वेळेअभावी" पुढे ढकलला गेला, आणि त्याच सभेत गेटच्या कमानीचा रंग ठरवण्यात पाऊण तास गेला. तेव्हा ऐकलं असतं तर आज ००२ ला स्वतंत्र यंत्र घ्यायची गरज वाटली नसती.

मागच्या वेळी आपण माझ्या दारातल्या चपलांच्या कपाटाचा विषय काढलात. ते कपाट आठ वर्षं तिथे आहे, त्याचा कोणाला त्रास नाही, त्यामुळे तो विषय इथे आणू नये. साइड मार्जिन मात्र सगळ्यांची सामायिक जागा आहे आणि सोसायटीचे उपविधी (नियम) त्याबाबत स्पष्ट आहेत. २०२ च्या काकू, ३०१ आणि ४०२ ही घरं माझ्याशी सहमत आहेत. शेजाऱ्यांशी वाईटपणा नको म्हणून ते सही करत नाहीत, इतकंच.

वीज गेल्यावर उकाडा सगळ्यांनाच होतो. ००२ ला जनरेटर ठेवूच नका, असं माझं म्हणणं नाही. यंत्र मागे पंपघराजवळ हलवावं, पाइप गच्चीच्या वर न्यावा, परवानाधारक ठेकेदाराकडून चेंजओव्हर आणि अर्थिंग करून घ्यावं. ते होईपर्यंत पाइपाचं तोंड त्यांच्या स्वतःच्या बेडरूमकडे वळवावं. डिझेलचे कॅन मात्र आजच्या आज जिन्याखालून हलवावेत, त्यासाठी सभेची गरज नाही.

येत्या गुरुवारी, २२ मेला, यंत्र आहे तिथेच सुरू झालं तर मी विद्युत निरीक्षक आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ या दोघांकडे फोटोंसह तक्रार करणार आहे. त्या दिवशी सकाळी दहा वाजता आपण स्वतः माझ्या स्वयंपाकघरात येऊन दहा मिनिटं उभं राहावं, ही विनंती. आईला बहिणीकडे पाठवत होतो, पण ती म्हणाली, पोथी इथेच वाचणार.

आपला,
सभासद, फ्लॅट क्र. १०२

प्रत : सचिव, खजिनदार