सिस्टर, तुमचे आभार राहूनच गेले

आदरणीय सिस्टर,

दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागेवरून पिकअपमध्ये घालून आणलेला, अंगाला फवारणीच्या औषधाचा उग्र वास मारणारा पेशंट तुम्हाला आठवत असेल. मी त्याचा धाकटा भाऊ. त्या रात्रीच्या धावपळीत तुमचं नावही विचारायचं राहिलं, म्हणून हे जाहीर लिहितोय.

आम्ही सुरगाण्याकडचे. छाटणीच्या हंगामात टोळीबरोबर बागांवर येतो. दादाकडे मिलीबग या किडीसाठी वेलीची खोडं आणि ओलांडे, म्हणजे मांडवावर पसरलेल्या जाड फांद्या, औषधाने धुवायचं काम होतं. मांडवाखाली उभं राहून गन वर धरायची, म्हणजे अर्धं औषध ओलांड्यावर आणि अर्धं आपल्याच अंगावर. दुपारनंतर त्याला दरदरून घाम सुटला, लाळ गळायला लागली, उलट्या थांबेनात. वाटेत एका दवाखान्यात ‘ऊन लागलंय’ म्हणून सुई टोचून वाटेला लावलं.

तुम्ही डोळ्यांवर बॅटरी मारलीत. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. लगेच विचारलंत, “बाटली कुठंय?” नशीब, मुकादमाने ती पिशवीत टाकली होती. डॉक्टर विषावर उतारा म्हणून ॲट्रोपिनचं इंजेक्शन देत होते तेवढ्यात तुम्ही हातमोजे चढवून त्याचे कपडे कापून काढलेत, केसांपासून नखांपर्यंत साबणाने धुतलंत. औषध कातडीतूनही आत जातं, भिजलेले कपडे तसेच ठेवले तर ते जातच राहतं, हे तेव्हा कळलं. रात्री दादा बरळायला लागला आणि आई नवस बोलू लागली. तुम्ही म्हणालात, “मावशी, हे इंजेक्शनमुळे होतंय, उतरेल.” उतरलं.

बाटलीवरचा पिवळा त्रिकोणही तुम्हीच दाखवलात. आमच्यात लाल तेवढं जहाल, बाकी सगळं चालतं, असाच समज. लालच्या खालोखाल पिवळाच!

युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा रेसिड्यू, म्हणजे त्यात उरलेला औषधाचा अंश, लॅबमध्ये तपासतात. २०१० मध्ये त्यावरून माल अडकला, त्याची चर्चा बागांवर अजून निघते. पण फवारणाऱ्याच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज, म्हणजे अशा औषधाच्या विषबाधेत कमी होणारा घटक, तपासता येतं, हे तुमच्याआधी आम्हाला कुणी सांगितलं नाही. २०१७ साली यवतमाळला फवारणीत २०हून अधिक माणसं गेली, त्यानंतर तरी सांगायला हवं होतं.

काही आठवडे पंपाला हात लावायचा नाही, असं तुम्ही दादाला बजावलंत आणि बागायतदारालाही फोनवर सुनावलंत. त्याने मजुरी कापली नाही, ती त्या फोनमुळेच.

दादा सध्या गावी भात कापतोय. आईने तुमच्यासाठी नागलीचं पीठ बांधून ठेवलंय. पुन्हा रक्त तपासायला येऊ तेव्हा तुमची ड्युटी कधी असते, तेवढा निरोप वॉर्डातल्या मामांकडे ठेवा.

तुमचा,
पेशंटचा धाकटा भाऊ