डाव्या हाताबद्दल आभार

प्रिय ताई,

थेरेमिन, म्हणजे स्पर्श न करता अँटेनांजवळ हवेत हात हलवून वाजवायचं ते इलेक्ट्रॉनिक वाद्य, घरी येऊन तीन महिने झाले आणि आभार मानायला आत्ता मुहूर्त लागतोय. रागावू नका, दोन्ही हात हवेत अडकले होते.

तुम्हाला फोन केला तेव्हा माझं जवळजवळ ठरलंच होतं: एकाच अँटेनाचं, हातात मावणारं, स्वस्तातलं. तुम्ही ‘नको’ म्हणाला नाहीत. ‘सा लावलास, आता प वर जायचंय, मधलं काही ऐकू येता कामा नये. कशी जाशील?’ एवढंच विचारलंत. मला उत्तर सुचेना. उजवा हात उभ्या अँटेनाजवळ नेला की सूर चढतो, हे मला ठाऊक होतं. पण सूर तोडणं-जोडणं सगळं डाव्या हाताकडे, आडव्या कडीजवळ, म्हणजे दुसऱ्या अँटेनाजवळ, तो नेला की आवाज बुजतो, हे तुमच्याकडून कळलं. कडीच नसेल तर प्रत्येक सूर पुढच्यात घसरत जाणार. भुताच्या सिनेमाला ठीक, गाण्याला नाही!

मग थेरेमिनवादक क्लारा रॉकमोरची 1977 सालची रेकॉर्ड ऐकायला लावलीत, तीही ‘सूर नको, सुरांमधल्या फटी ऐक’ असं बजावून. त्या फटी ऐकल्यावर एक अँटेना यादीतून आपोआप गेली.

‘थेरेमिनी’ या मॉडेलचा मोह मात्र सुटत नव्हता, त्यातल्या आपोआप होणाऱ्या सूर-दुरुस्तीमुळे. ‘ती पूर्ण चढवलीस तर वाद्य सुरात वाजेल, तू नाही’ हे जरा लागलं, खरं सांगते. शेवटी ‘इथरवेव्ह’ घेतलं, दोन अँटेनांचं, पण सूर-दुरुस्ती नसलेलं.

पहिल्या दिवशी सूर जागेवर राहीना. वाद्य बिघडलंय म्हणून रडत फोन केला, तर तुम्ही विचारलंत, ‘मागे काय आहे?’ लोखंडी कपाट होतं, आणि त्याचं दार सारखं उघडत-मिटत होतं. सूर ठरतो तो अँटेनाच्या धारितेवर, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर; हाताने होणारा तिचा फरक पिकोफॅरड या अगदी बारीक एककाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, तिथे कपाटाच्या दारापुढे माझ्या बोटांचं काय चालणार? आता वाद्य खोलीच्या मधोमध असतं. पंधरा मिनिटं तापू देते, हात खांद्याशी धरून सूर खाली खाली जात पार नाहीसा होईपर्यंत खुंटी फिरवते, मगच सुरुवात.

काल सा वरून प वर स्वच्छ फट ठेवून गेले. एकदाच. दुसऱ्या वेळी शेजारच्या खुर्चीत कुणीतरी येऊन बसलं आणि प हातचा गेला.

तुमची,
डाव्या हाताशी अजून भांडणारी