ठराव पुरे, आता लिहून काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की कर्नाटकातल्या आमच्या मराठी सीमाभागात गावोगाव साहित्य संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, सांबरा, कुद्रेमानी, येळ्ळूर. ग्रंथदिंडी, भाषणं, कविसंमेलन आणि मध्ये कुठेतरी सीमाप्रश्नाचा ठराव. तो वाचून होईपर्यंत निम्मा मंडप जेवणाच्या रांगेत. त्या रांगेत मीही असतो, हे आधीच कबूल करतो.

ठरावाला मी कमी लेखत नाही. १९४६ साली याच बेळगावात, माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालच्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि पुढच्या चळवळीला बळ मिळालं. पण पोलिसांची लाठी ‘तीव्र निषेध’ या दोन शब्दांत मावत नाही. २०१४ च्या जुलैत येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक हटवला गेला, तेव्हा पोलिसांनी घरांत शिरून मारलं. बायका, म्हातारी माणसं कुणी सुटलं नाही. वर खटले गावकऱ्यांवरच. ऐन रोपलावणीचे दिवस. मार खाल्लेल्यांच्या शेतात चिखलात कोण उतरलं? परसात कोण लपलं? कोर्टाच्या तारखांना जायला रोजगार कुणी बुडवला? आमच्या कवितांत मशाली आणि रक्त भरपूर आहे, हे मात्र मला तरी फारसं वाचायला मिळालं नाही.

१९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांना आपण दर १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर फुलं वाहतो. त्या वेळचा पोलिसांचा गोळीबार पाहिलेली तेव्हाची तरणी पोरं आता साठी-सत्तरीची झाली. त्यांच्याकडे वही घेऊन कोण बसलं?

दुसरं सांगणं काहींना रुचणार नाही. हे सगळं कन्नडमध्येही लिहा. २०१५ मध्ये धारवाडला कन्नड विचारवंत एम. एम. कलबुर्गींची हत्या झाली, तेव्हा कन्नड लेखकांनी पुरस्कार परत केले होते. अशी माणसं येळ्ळूरवर का बोलत नाहीत, असं आपण कट्ट्यावर विचारतो. त्यांच्या भाषेत त्यांना सांगितलं कुणी? बाजारात कन्नड बोलून आपली मराठी बाटत नाही, मग कागदावर कशी बाटेल?

यंदाच्या आयोजकांना एकच विनंती. कविसंमेलनातला तासभर कापा आणि येळ्ळूरचा तो मार सोसलेल्या चार बायकांच्या हाती माईक द्या. त्या बोलतील ते टिपून घ्या. आणि हा कार्यक्रम जेवणाच्या आधी ठेवा.

– एक निवृत्त शिक्षक, शहापूर, बेळगाव