काका, त्या डब्याबद्दल आणि त्याआधी मोजलेल्या वायरीबद्दल

नाशिक

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं काम गाड्यांच्या वायरिंगचं. दुर्बिणीचा मोटारवाला माउंट, म्हणजे दुर्बीण पेलून ताऱ्यामागे फिरवणारं स्टँड, दुकानात आणणाऱ्यांना तुम्ही परत पाठवलं असतंत तरी कुणी नाव ठेवलं नसतं. तुम्ही उलट विचारलंत, ‘हे किती अँपिअर खातं आणि अडतं कधी?’ त्या प्रश्नाबद्दल आणि नंतर बांधून दिलेल्या बॅटरी-फ्यूजच्या डब्याबद्दल हे पत्र. ते उघडं लिहितोय, कारण पेठ-हरसूलकडच्या अंधारात माउंट नेणारे अडले की आधी मोठी बॅटरी शोधायला निघतात.

अडतं ते वळताना. ताऱ्यामागे संथ चालताना असा माउंट अर्धा-पाऊण अँपिअर घेतो. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर झपाट्याने जाताना दोन्ही मोटारी एकदम लागतात आणि आकडा तीन-चारवर जातो. माउंटला ११ ते १६ व्होल्ट लागतात. त्याखाली गेलं की पॉवरचा दिवा लुकलुकतो, मोटर घरघरते, हँडसेट (माउंट चालवायचा रिमोट) रीसेट होतो आणि तारे धरून केलेलं अलाइनमेंट, म्हणजे माउंटला आकाशाची दिशा ओळखवून देणं, पाण्यात.

बॅटरीला हात लावण्याआधी तुम्ही वायर मोजलीत. तीन मीटर लांब, अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची. करंट जातो आणि परतही येतो, म्हणजे तांबं सहा मीटर. चार अँपिअरला एवढ्या वायरीतच जवळजवळ एक व्होल्ट संपतो. बॅटरीवर १२.२ असले तरी माउंटपाशी ११.३ पोचणार, त्यात सैल लायटर सॉकेटची भर. दीड चौरस मिलिमीटरची वायर टाकली की हीच घट ०.३ व्होल्टवर येते. व्होल्टमीटर भरलेल्या पण काहीच न चालवणाऱ्या बॅटरीवर लावून उपयोग नाही, माउंट वळत असताना त्याच्या पिनेपाशी लावायचा, हे तुमच्याकडून कळलं.

फ्यूजचंही तसंच. माउंटच्या टोकाला लावलेला फ्यूज वायर वाचवत नाही. मधे कुठे इन्सुलेशन सोललं तर बॅटरी सगळा जोर त्या वायरीतच ओतते. म्हणून तुमच्या डब्यात अधिक टर्मिनलपासून वीतभराच्या आत १० अँपिअरचा ब्लेड फ्यूज आहे. पुढे दोन फाटे: माउंटला ५ अँपिअरचा फ्यूज, दव न बसावं म्हणून लेन्सभोवती गुंडाळतो त्या हीटरला ३ चा. हीटरचा फाटा वेगळा काढल्याने त्याची घट माउंटच्या वायरीवर पडत नाही. लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपणं) तुम्ही क्रिंप केलेत, म्हणजे दाबून बसवलेत, सोल्डर नाही. सोल्डर जिथे संपतं तिथेच हलती वायर तुटते, हे रोज गाड्यांत पाहणाऱ्यालाच सुचणार.

मगरक्लिपा तुम्ही काढून टाकल्यात ते फारच बरं झालं. आम्ही रात्री लाल टॉर्च वापरतो, आणि लाल उजेडात पांढऱ्या लेबलवरचं लाल अधिक-चिन्ह दिसेनासं होतं! उलटं जोडलं की माउंटचं बोर्ड जाऊ शकतं. आता एक्सटी-६० कनेक्टर आहे, एकाच बाजूने बसतो. बॅटरीकडे मादी, म्हणजे उघड्या पिना कशाला टेकत नाहीत. माउंटकडची पिन ५.५ × २.१ मिलिमीटरची, मधला भाग अधिक. नवी वायर केली की जोडण्याआधी मीटरवर एकदा बघायचंच.

बॅटरीचा हिशेब तुम्ही कागदाच्या कपट्यावर केलात. सात तास माउंटचे सुमारे ५ अँपिअर-अवर, दीड अँपिअरच्या हीटरचे साडेदहा, एकूण साडेपंधरा. यूपीएसमधली ७ अँपिअर-अवरची एसएमएफ (पाणी न घालावं लागणारी सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी) अर्ध्याच्या खाली न्यायची नाही, म्हणजे हातात साडेतीन. निफाडकडच्या थंडीत त्याहून कमी. २६ ची घेतली तरी अर्धे १३ च, आणि वजन आठेक किलो. म्हणून २० अँपिअर-अवरची लिथियम-फॉस्फेट, चार सेलची, बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) असलेली. ती बराच वेळ १३ व्होल्टच्या आसपास टिकते. चार्जर मात्र १४.६ व्होल्टचाच हवा. साधे लिथियम-आयन सेल का नको, तेही तुम्ही सांगितलंत: तीन जोडले तर रात्र संपायच्या आत ११ च्या खाली, चार जोडले तर भरल्यावर १६.८, म्हणजे माउंटच्या मर्यादेबाहेर.

तुमचे बाकीचे नियम झाकणाच्या आत चिकटवलेत. जोडताना अंगठी-कडं काढून ठेवायचं. बॅटरी सगळ्यात शेवटी जोडायची. गाडीच्या बॅटरीवर माउंट असताना स्टार्टर मारायचा नाही, कारण व्होल्टेज आधी खाली बसतं आणि मग उसळतं. लेड-ॲसिड बंद डब्यात चार्ज करायची नाही, हायड्रोजन साठतो. आणि वापरली की त्याच दिवशी भरायची, नाहीतर प्लेटवर सल्फेट धरतं. हा शेवटचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, हे कबूल.

ठरवून दिलेले पैसे तुम्ही फक्त सामानाचे घेतलेत, मजुरी नाही. दुसऱ्या माउंटसाठी असाच डबा हवा आहे, त्याची मजुरी मात्र आधी घ्यायची. वायर दीडचीच आणतो, तीन मीटर, आणि ब्लेड फ्यूज प्रत्येक आकड्याचे दोन-दोन जास्तीचे.

तुमची,
दुर्बीणवाली मंडळी