तंबाखू, सोल्युशन आणि थिनरच्या विक्रीला महापालिकेचा स्वतंत्र परवाना हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एका शाळेजवळ गेली 27 वर्षे माझे स्टेशनरीचे दुकान आहे. वह्या, पेन, रंगपेट्या आणि त्यांच्याच जोडीला गोंद, व्हाइटनर, रंगकामाचे किरकोळ सामान मी विकतो. मुले खिशातल्या पैशांचे काय करतात, हे पालकांच्या आणि शिक्षकांच्याही आधी आम्हा दुकानदारांच्या लक्षात येते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

साधारण 2010 च्या सुमारास सातवीतला एक मुलगा एकाच आठवड्यात तिसऱ्यांदा दुकानात आला. त्या काळी व्हाइटनरची छोटी बाटली आणि ते पातळ करण्याच्या द्रवाची दुसरी बाटली अशी जोडी मिळत असे. त्याने फक्त दुसरी बाटली मागितली. व्हाइटनर नको आणि नुसते पातळ करायचे औषध कशाला हवे, असे मी विचारले, तेव्हा तो काही न बोलता निघून गेला. दोन दिवसांनी पाण्याच्या टाकीमागे तो आणि आणखी दोघे नशेसाठी तोच द्रव हुंगत, हातरुमाल नाकाशी धरून बसलेले मला दिसले. त्याचे डोळे उघडे होते, पण मी दोनदा नावाने हाक मारूनही त्याने मान वळवली नाही. त्या दिवसापासून मी मुलांना तो माल देणे बंद केले, आणि तो चौकापलीकडच्या दुकानातून घेऊ लागला. एकट्या दुकानदाराने ठरवून किती होते, हे मला तेव्हाच कळले.

पुढे 2012 मध्ये केंद्र सरकारने बाटलीतल्या व्हाइटनरच्या आणि ते पातळ करणाऱ्या द्रवाच्या किरकोळ विक्रीवर बंदी घातली आणि फक्त पेनाच्या स्वरूपातल्या व्हाइटनरला मुभा ठेवली. आमच्याकडे त्या बाटल्या खरोखरच यायच्या थांबल्या, कारण घाऊक व्यापाऱ्यानेच माल देणे बंद केले. नियम सगळ्यांना सारखा लागला की तो पाळला जातो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. मात्र ज्यांना सवय लागलेली होती, ती मुले पंक्चरच्या सोल्युशनकडे आणि रंगाच्या थिनरकडे वळली. या वस्तू सायकलच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात दहा वर्षांच्या पोरालाही आज विनासायास मिळतात. त्यांत टोल्युइनसारखी द्रावके असतात. ती मेंदूला आणि मूत्रपिंडांना इजा करतात आणि हृदयाचे ठोके बिघडून पहिल्याच वेळी मृत्यूही ओढवू शकतो. दिल्लीच्या एम्सने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. हुंगण्याच्या पदार्थांचे सेवन प्रौढांत 0.58 टक्के, तर 10 ते 17 वयाच्या मुलांत 1.17 टक्के असल्याचे त्यात नोंदले आहे. मोठ्यांपेक्षा मुलांत प्रमाण जास्त असलेला हा त्या पाहणीतला एकमेव प्रकार होता.

आता शाळेसमोरच्या टपरीविषयी. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम 6 नुसार शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत, आणि हे अंतर शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून मोजायचे असते. मागच्या महिन्यात एका रविवारी मी टेप घेऊन ते मोजले. शाळेच्या भिंतीपासून पहिली पानटपरी 31 मीटरवर आहे. तिच्या फळीवर गोळ्यांच्या आणि चॉकलेटच्या बरण्या आहेत, बरण्यांच्या मागे सिगारेटची पाकिटे आणि रोलिंग पेपर आहेत, आणि बाजूला सुतळीला बांधलेला लायटर लोंबतो आहे. सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर राज्य सरकारने सप्टेंबर 2020 मध्येच बंदी घातली आहे, पण तो लायटर सुट्या सिगारेटच्या गिऱ्हाइकासाठीच बांधलेला असतो. अख्खे पाकीट मुलाला परवडणार नाही, एक सिगारेट परवडते. चॉकलेट घ्यायला आलेल्या मुलाची नजर रोज त्या पाकिटांवर पडते, आणि ती पडावी अशीच मांडणी केलेली असते.

व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची गोष्ट याहून अवघड आहे. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची निर्मिती, विक्री, जाहिरात आणि साठवणूक यांवर बंदी आहे, आणि निर्मिती, विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तरीही गेल्या वर्षी एका मुलाने वहीचे पैसे काढताना खिशातून माझ्या काउंटरवर एक वस्तू पाडली. ती हायलायटर समजून मी उचलून त्याच्या हाती दिली. हायलायटर मी रोज विकतो, तरी माझी फसगत झाली. त्या वस्तूला आंब्याचा वास येत होता.

कायदे नाहीत, असे कोणी म्हणू नये. 29 डिसेंबर 2017 रोजी मुंबईच्या कमला मिलमध्ये लागलेल्या आगीत 14 जणांचा जीव गेला, ती आग हुक्क्याच्या निखाऱ्यांमुळे लागल्याचे तपासात सांगितले गेले, आणि 2018 मध्ये राज्याने हुक्का पार्लरवर बंदी आणली. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. मुलाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पण त्या कलमात मद्य, अमली पदार्थ, तंबाखू आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांचा उल्लेख आहे, सोल्युशनचा किंवा थिनरचा नाही. तंबाखू कायद्याच्या कलम 6 चा दंड फार तर 200 रुपये आहे. तो भरून टपरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उघडते. मी दोनदा लेखी तक्रार केली. एका कार्यालयाने ती पोलिसांकडे, पोलिसांनी अन्न व औषध प्रशासनाकडे आणि तेथून पुन्हा पहिल्याच कार्यालयाकडे पाठवली. कारवाईचे अधिकार अनेकांना असल्यामुळे जबाबदारी कोणा एकाची राहिलेली नाही.

माझी मागणी एवढीच आहे की ही जबाबदारी महापालिकेने स्वतःच्या अंगावर घ्यावी, आणि त्यासाठी तिच्या हातात परवाना हे साधन आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 376 खाली काही धंद्यांना आयुक्तांचा परवाना लागतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र लिहून सुचवले होते की तंबाखू विक्रेत्यांना स्थानिक संस्थांनी परवाना द्यावा आणि अशा दुकानांत चॉकलेट, बिस्किटे, चिप्स, थंड पेये विकू देऊ नयेत. हे पत्र आपल्या महापालिकेने ठराव करून अमलात आणावे. परवाना देताना शाळेपासूनचे अंतर जागेवर मोजावे आणि परवान्याचा क्रमांक पाटीवर लावायला सांगावा. अल्पवयीनाला विक्री झाल्याचे दुसऱ्यांदा सिद्ध झाले की परवाना रद्द करावा. 200 रुपयांचे भय कोणाला वाटत नाही, परवाना जाण्याचे वाटेल. याच यादीत सोल्युशन आणि थिनर विकणारी दुकाने घ्यावीत, आणि 18 वर्षांखालील मुलाला तो माल देऊ नये अशी अट त्यांना घालावी. पंक्चर काढणाऱ्या कारागिराची त्याने अडचण होणार नाही, कारण त्याचे वय आणि त्याचा धंदा दुकानदाराला माहीत असतो.

टपरीवाल्यांच्या पोटाचा प्रश्न मी विसरलेलो नाही. आमच्या कोपऱ्यावरचे काका वीस वर्षे त्या टपरीवर संसार चालवत आहेत आणि त्यांनी कोणाचे वाईट चिंतलेले नाही. पथविक्रेता कायदा 2014 मध्ये झाला आणि त्यात नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे. शाळेजवळच्या टपऱ्यांना दुसरी जागा देण्याचा निर्णय त्या समितीत, विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना समोर बसवून घ्यावा. ज्यांना जागा सोडायची नाही, त्यांनी तंबाखू सोडून चहा, बिस्किटे, फळे ठेवावीत आणि पहिली दोन वर्षे त्यांच्याकडून शुल्क घेऊ नये. अतिक्रमणाची गाडी येऊन टपरी उचलून नेते, तेव्हा तिच्यासोबत एका घराची चूलही विझते, आणि चार दिवसांनी त्याच जागी दुसरी टपरी उभी राहते. ते मला नको आहे.

माझ्या दुकानात आजही थिनरचे आठ डबे आणि चिकटद्रव्याच्या नळ्यांचा एक खोका आहे. तो माल मी काउंटरखाली कुलपात ठेवतो आणि मुलांना देत नाही, पण मला तसे करायला कोणी सांगितलेले नाही आणि उद्या मी तो बाहेर मांडला तर कोणी विचारणारही नाही. परवान्याच्या अर्जाचा नमुना महापालिकेने काढला, तर पहिल्या दिवशी रांगेत उभे राहण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक स्टेशनरी विक्रेता आणि नियमित वाचक