रांजणाची शेकोटी

संपादक साहेब, नमस्कार.

निफाडचा पारा उतरला की तुमच्या पेपरात शेकोटीचा फोटो ठरलेला, आणि त्यात जुना टायर नाहीतर प्लॅस्टिकची कॅरेट जळताना दिसणार हेही ठरलेलं. बागायतदार बागेत रात्रभर शेकोट्या करतात ते द्राक्ष वाचवायला, त्यांचं सोडा. मी अंगणातल्या शेकोटीबद्दल लिहितोय.

भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो, त्याच्या परसात मेक्सिकोची मातीची शेगडी आहे, चिमिनीया म्हणतात, गोल पोट, पुढून तोंड आणि वर धुरासाठी उंच मान. मला ती फारच आवडली. मोबाईलवर शोधलं तर हाताने घडवलेली म्हणून जे दाखवतात ते बहुतेक साच्यातलं किंवा चक्क लोखंडी, आणि किंमत बघून मी फोनच बाजूला ठेवला. शेवटी फोटो घेऊन शेजारच्या गावच्या कुंभारबाबांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, अहो मास्तर, हा तर रांजण आहे, पोटाला भोक पाडलेला!

पण लगेच हो म्हणाले नाहीत. तेव्हा संक्रांत तोंडावर होती, घरभर सुगडं वाळत घातलेली, म्हणाले फाल्गुनात या, माठ-रांजणांचं काम निघतं तेव्हा तुमचंही बघू. गेलो. पहिला नग भट्टीत जायच्या आधीच तडकला, कारण माती नेहमीच्या माठाचीच आणि जाडी दुप्पट, वरचं वाळलं आणि आतलं ओलंच राहिलं. दुसऱ्या वेळी त्यांनी मातीत घोड्याची लीद वाढवली आणि फुटक्या खापरांचा चुरा कालवला, थापटून थापटून पोट वाढवलं, माती अर्धवट वाळल्यावर कोयत्याच्या टोकाने तोंड कापलं, मान वेगळी करून राबड्याने, म्हणजे पातळ चिखलाने, जोडली आणि मग सावलीत तब्बल वीस दिवस ठेवलं. मी रोज विचारायला जायचो तर बाबांच्या घरच्या मावशी म्हणायच्या, पोर होईल तेव्हाच होईल हो. दोन्ही नगांचे मिळून 1500 रुपये दिले, पहिल्याचे ते घेतच नव्हते.

वापरायला मात्र शिस्त लागते. तळात चार बोटं वाळू घालायची म्हणजे विस्तव थेट बुडाला लागत नाही. पहिले पाच-सहा दिवस नुसता पाला आणि काड्या जाळायच्या, ओंडका घालायची घाई करायची नाही. विझवायला पाणी अजिबात ओतायचं नाही, आणि पावसाळ्यात शेडमध्ये ठेवायची, कारण ओल पिलेल्या मातीत जाळ केला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि तडा जातो. जळणाला आमच्याकडे एप्रिलच्या छाटणीच्या द्राक्षकाड्या वर्षभर पडून असतात, डिसेंबरपर्यंत खडखडीत वाळतात. धूर मानेतून डोक्यावरून जातो, डोळे चुरचुरत नाहीत. शेक फक्त तोंडापुढे लागतो हे खरं, चार माणसं बसली की पाचव्याला पाठ गार. हुरडा मात्र यात भाजायला जाऊ नका, त्याला गोवऱ्यांची आगटीच पाहिजे.

आमच्या आईने चूल घरीच घातली होती, रोज पोतेरं फिरवायची, त्यामुळे कुंभाराकडे चूल मागायला जायची वेळ आमच्यावर कधी आली नाही, म्हणून कदाचित आपल्या लोकांना हे सुचतच नसेल. यंदा दोन शेजाऱ्यांनी बाबांकडे चौकशी केली तर बाबांनी त्यांनाही फाल्गुनातच बोलावलंय. तुम्हाला पुढच्या थंडीत शेकोटीचा फोटो हवा असेल तर आमच्या अंगणात फोटोग्राफर पाठवा, चहा यावरच करू.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. निफाड