स्पितीच्या वाटेवरचे दुपारचे पाणी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुण्या-मुंबईहून सायकलवर सामान बांधून हिमाचल प्रदेशातल्या स्पितीला जाणाऱ्यांसाठी सहल-आयोजक जी माहितीपत्रके काढतात, त्यांत अंतर, उंची, मुक्काम आणि खर्च हे सगळे असते. वाटेतले नाले किती वाजायच्या आत ओलांडायचे, एवढे मात्र मला त्यांत कुठे आढळले नाही. मागच्या जुलैत त्या वाटेवरचा छत्रू ते बातल हा टप्पा मी एकट्याने केला, त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

अंतर सुमारे 32 किलोमीटर आणि चढ 600 मीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास सिंहगडाएवढाच. दर रविवारी सिंहगडाचा घाट चढणाऱ्याला यात काय विशेष, अशा समजुतीत मी ढाब्यावर पराठे खाऊन सावकाश नऊ वाजता निघालो. हा रस्ता कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग आहे; प्रत्यक्षात चंद्रा नदीच्या कडेने नारळाएवढे गोटे पसरलेले असून सायकल चालवण्यापेक्षा ढकलावीच जास्त लागते. छोटा दरा हे ठिकाण ओलांडल्यावर मागचा टायर कडेला फाटला. बिस्किटाच्या पुड्याच्या कागदाची घडी आतून लावून नवी ट्यूब घालेपर्यंत तास गेला आणि पुढच्या नाल्याशी पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते.

वरच्या हिमनद्यांवर दिवसभर ऊन पडून वितळलेले पाणी खाली येईपर्यंत दुपार होते, त्यामुळे सकाळी घोट्याएवढा असणारा नाला तेव्हा मांडीला लागत होता. पाणी इतके गढूळ की तळ दिसत नव्हता, फक्त आत दगड घरंगळल्याचा आवाज येत होता. बूट कोरडे राहावेत म्हणून मी ते काढले, हा आणखी एक शहाणपणा; दहा पावलांत तळव्यांची जाणीवच गेली आणि मी मागे फिरलो. रस्त्याच्या कामावरच्या झारखंडच्या दोन मजुरांनी मला बूट घालायला लावले, पिशव्या सोडवून आधी पलीकडे नेल्या आणि सायकल प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरून मला पार केले. "सुबह आना था," एवढेच त्यांतला एक जण म्हणाला.

बातलला अंधारात पोचलो तेव्हा डोके ठणकत होते. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरहून जास्त वाढवू नये, हा संकेत मी मोडला होता. माझ्याजवळच्या पत्रकात दुसऱ्याच दिवशी 4,551 मीटर उंचीची कुंझुम ला ही खिंड होती. तो बेत सोडून मी दिवसभर पडून राहिलो. आपल्या राज्यातले सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटरचे, त्यामुळे सह्याद्रीतल्या सरावाने मांड्या तयार होतात. विरळ हवेची सवय तिकडे राहूनच करावी लागते.

आयोजकांनी प्रत्येक नाल्यापुढे तो ओलांडायची वेळ छापावी आणि बातलला एक राखीव दिवस ठेवावा. आपणही उन्हाळी पर्यटन पुरवणीत अशा सहलींची माहिती देताना त्यांना हे दोन तपशील आवर्जून विचारावेत, ही विनंती.

त्याच दिवशी छत्रूहून पहाटे साडेपाचला निघालेले दोघे सायकलस्वार मला बातलच्या ढाब्यात भेटले. त्यांचे मोजे दोरीवर वाळूनसुद्धा झाले होते.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, पुणे